लिंबूटिंबूला जागा आहे का?

घरात सगळ्यांनी मिळून खेळायचे व्हिडिओ गेम निवडताना आपण मारामारी, शिवीगाळ नाही ना, एवढंच बघतो. मी आणखी एक बघतो: लिंबूटिंबूला त्यात जागा आहे का?

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात लपाछपीत धाकट्यावर राज्य येत नसे. सूट सगळ्यांना ठाऊक, म्हणून ती लबाडी नव्हती. आता नवी मुंबईत तयार झालेला, २०१६चा 'लुडो किंग' घ्या. फुकट आहे, एकच मोबाइल हातोहात फिरतो, आजीलाही जमतो. पण दान पडेपर्यंत नात ताटकळते. आजीला दया आली तरी 'काढ गं एक सोंगटी' म्हणायची सोय नाही. फासाही यंत्राचा, नियमही यंत्राचा.

उलट २०१७चा, निन्टेन्डो स्विचवरचा 'मारिओ कार्ट ८ डीलक्स'. यंत्र महाग, हे खरंच. पण त्यात कच्च्या खेळाडूपुरतं 'स्मार्ट स्टिअरिंग' लावता येतं. गाडी रस्ता सोडत नाही. मात्र गाडीला मागे अँटेना दिसतो आणि काही आडवाटा बंद होतात. सूट उघड, तिची किंमतही उघड! नीतिशास्त्र शिकवताना मला इतकं सोपं उदाहरण सापडलं नव्हतं.

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, आता तुमचा अँटेना काढू?" म्हटलं, राहू दे रे.