धार्मिक संस्था आणि अवैध धनाचे शुद्धीकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :

गुन्ह्यातून मिळविलेल्या पैशाचे धार्मिक संस्थांच्या माध्यमातून शुद्धीकरण, म्हणजेच मनी लाँडरिंग, होऊ शकते काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. दानपेटी म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याची सोयीची जागा, असे एका बाजूस सरसकट म्हटले जाते. दुसऱ्या बाजूस असा प्रश्न विचारणे हाच श्रद्धेचा अवमान मानला जातो. या दोन्ही भूमिकांत एक समान उणीव आहे. दोन्हींचे लक्ष दान देणाऱ्या हातावर खिळलेले असते. ते स्वीकारून त्याचा विनियोग करणाऱ्या हाताकडे फारसे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा करावयाची आहे.

संकल्पनेची फोड :

मनी लाँडरिंगचे साधारणतः तीन टप्पे मानले जातात. गुन्ह्यातून आलेली रोकड वित्तव्यवस्थेत शिरविणे हा पहिला, अनेक व्यवहारांच्या आवरणाखाली तिचा उगम झाकणे हा दुसरा आणि वैध संपत्तीच्या रूपाने ती मूळ मालकाच्या हाती परत येणे हा तिसरा. यांतील तिसरा टप्पा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक आहे. दानपेटीत टाकलेली रक्कम दात्याकडे परतत नसेल, तर ते दान नैतिकदृष्ट्या कितीही आक्षेपार्ह असो, शुद्धीकरणाचा हेतू त्याने साधत नाही. ती रक्कम परतावयाची झाल्यास संस्थेच्या आतील कोणाची तरी साथ लागते. फुगविलेली बांधकामाची देयके, आप्तांना दिलेली कंत्राटे, कमी किमतीत विकलेली जमीन हे त्या परतीचे मार्ग होत. म्हणजे धोक्याचे खरे स्थान दानपेटी नसून विश्वस्तांची बैठक हे आहे.

व्हॅटिकनचा अनुभव :

या विधानाची कसोटी व्हॅटिकनच्या उदाहरणावर घेता येते. व्हॅटिकन बँक या नावाने परिचित असलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर द वर्क्स ऑफ रिलिजन’ ही संस्था पोप पायस बारावे यांनी १९४२ मध्ये स्थापन केली. मिलान येथील बँको अँब्रोझियानो १९८२ मध्ये कोसळली, तेव्हा या संस्थेचे नाव जगभर गाजले. अँब्रोझियानोकडून प्रचंड कर्जे घेतलेल्या पनामा आदी ठिकाणच्या कंपन्यांना व्हॅटिकन बँकेने १९८१ मध्ये पाठिंब्याची पत्रे दिली होती. त्याच वेळी, या पत्रांमुळे तिच्यावर कोणतेही दायित्व येणार नाही, असे उलट पत्र तिने अँब्रोझियानोचे अध्यक्ष रोबेर्तो काल्वी यांच्याकडून घेतले होते. येथे भाविकांच्या दानाचा प्रश्नच नव्हता. वापरली गेली ती धर्मसंस्थेची पत. व्हॅटिकनने १९८४ मध्ये कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता धनकोंना सुमारे २४ कोटी ४० लक्ष डॉलर दिले. बँकेच्या अधिकाऱ्यांवरील अटक वॉरंटे मात्र इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२९ च्या लॅटरन तहाच्या आधारे १९८७ मध्ये रद्द ठरविली.

पुढे २०१० मध्ये इटलीच्या तपासयंत्रणांनी या बँकेचे २ कोटी ३० लक्ष युरो गोठविले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मनी लाँडरिंगविरोधी कायदा आणि स्वतंत्र वित्तीय देखरेख संस्था यांची घोषणा केली. या सुधारणांनंतर जानेवारी २०२१ मध्ये व्हॅटिकनच्याच न्यायालयाने बँकेचे माजी अध्यक्ष आंजेलो कालोया यांना अपहार व मनी लाँडरिंग यांसाठी ८ वर्षे ११ महिन्यांची शिक्षा सुनावली. प्रकरण होते बँकेच्या मालकीच्या इमारती कमी किमतीत विकल्याचे दाखवून फरकाची रक्कम लाटण्याचे. दोन्ही प्रकरणांत दोषाचे स्थान दात्यापाशी नव्हे, तर व्यवस्थापनापाशी आढळते, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

भारतीय कायद्याची दृष्टी :

या पार्श्वभूमीवर आपल्या कायद्यांकडे पाहिल्यास एक विसंगती जाणवते. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लावणारे कलम ११५बीबीसी २००६ मध्ये आयकर कायद्यात आले. संपूर्णतः धार्मिक स्वरूपाच्या न्यासांना मात्र त्यातून वगळण्यात आले आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही ही सवलत तत्त्वतः राखली. गुप्तदानाची परंपरा पाहता ती समर्थनीय आहे; दानपेटीत दहा रुपये टाकणाऱ्या वारकऱ्याचे नाव-पत्ते कोण लिहून घेणार? परंतु पैशाच्या आगमनाकडे कायदा जेथे डोळेझाक करतो, तेथे त्याच्या निर्गमनाकडे त्याने दुप्पट लक्ष देणे क्रमप्राप्त ठरते.

या बाबतीत महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अधिक दूरदृष्टीचा वाटतो. त्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आवश्यक आहे. रोममधील इमारतींच्या प्रकरणात नेमका असाच बाहेरचा पहारा नव्हता. बांधकाम व खरेदी यांवरील खर्चाला मात्र अशी पूर्वमंजुरी लागत नाही. निविदा मागविल्या होत्या काय, हे लेखापरीक्षकाने नोंदवावे अशी तरतूद आहे. पण तो लेखापरीक्षक विश्वस्तच नेमतात.

मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन धार्मिक वा धर्मादाय हेतूच्या सर्व संस्था ‘ना-नफा संस्था’ या व्याख्येत आल्या आणि अशा ग्राहकांची नोंदणी करण्याची जबाबदारी बँकांवर पडली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि नोंदणीने संस्था कोणती हे कळते. तिचा पैसा कोणाच्या घरी जातो हे कळत नाही.

समारोप :

धार्मिक संस्थांचा असा वापर होऊ शकतो काय, याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. मात्र त्याचे कारण धर्म नव्हे. मोठी रोकड, अनामिक दाता, करसवलत आणि प्रश्न विचारण्याचा संकोच हे चार घटक जेथे एकत्र येतील, तेथे तो धोका संभवतो. पहिले तीन घटक श्रद्धेच्या व्यवहाराचा भाग म्हणून स्वीकारता येतील. चौथा मात्र सोडावा लागेल, आणि तो सर्व धर्मांच्या संस्थांबाबत सारख्याच मापाने. कोणत्याही एका समाजाच्या प्रार्थनास्थळांवर संशय रोखल्याने चिकित्सा घडत नाही. केवळ वैर वाढते. विश्वस्तांचे हितसंबंध जाहीर करणे, लेखापरीक्षकाची नेमणूक बाहेरून होणे आणि मोठ्या खर्चाचा तपशील भाविकांसमोर ठेवणे एवढे झाले, तरी गुप्तदान गुप्त ठेवूनही त्याचा विनियोग उघड राहील. दात्याला नाव लपविण्याचा अधिकार आहे. विश्वस्ताला हिशेब लपविण्याचा नाही.