लंगडण्याचे भाषांतर

इंग्रजीतील 'लिम्प' हे क्रियापद स्पॅनिशमध्ये कसे उतरवावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशाने सुटण्याजोगा आहे. कोश 'कोहेआर' हा प्रतिशब्द देतो आणि तो चूक नाही. परंतु शब्द सापडला म्हणजे वाक्य साधले, असे मात्र नव्हे.

इंग्रजीत मनुष्य 'लंगडतो' आणि त्या एकाच क्रियापदाच्या बळावर खोलीत पोहोचतो. आत येण्याचा अर्थ एका लहानशा शब्दावर सोपविलेला असतो. स्पॅनिशला ही रचना मानवत नाही. तेथे 'आत आला' हे मुख्य क्रियापद आणि लंगडणे त्याला जोडून येते : 'एंत्रो कोहेआंदो'. मराठी वाचकास यात काहीच परके वाटू नये. आपणही 'लंगडत आत आला' असेच म्हणतो. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली भाषाभाषांतील हा भेद पद्धतशीरपणे मांडला.

धोका नेमका येथेच आहे. मुख्य क्रियापद गाळता येत नाही. 'कोहेआंदो' गाळले तरी वाक्य पूर्णच दिसते. ओघवत्या भाषेच्या मोहाने अनुवादक ते सोडून देतो. मग पात्र खोलीत येते, त्याची व्यथा मात्र उंबरठ्याबाहेरच राहते.

शब्दाचा पैसही निरनिराळा आहे. इंग्रजीत वादळाने खिळखिळे झालेले जहाज लंगडत बंदरास लागते. त्यासाठी स्पॅनिशमध्ये 'रेंकेआर' हे हेलकावत, रखडत चालण्याचे क्रियापद अधिक शोभते. उलट एक पाय आखूड असलेले टेबल स्पॅनिशमध्ये खुशाल 'लंगडते'. मराठीत ते डुगडुगते. युक्तिवाद अपुरा असला की तो स्पॅनिशमध्ये 'कोहो', म्हणजे लंगडा ठरतो, आणि आपल्याकडे सबब लंगडी पडते. या 'कोहो'चे नाते लॅटिनमधील कंबरेच्या खुब्याच्या नावाशी, 'कोक्सा'शी आहे. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीयास त्याचे भावंड 'कोशु' परिचित असेलच. आणि 'कोक्सा'चा सगोत्र शब्द संस्कृतात 'कक्ष' असून तोच मराठीत 'काख' झाला आहे.

अनुवादात शब्द कसा बदलतो, याचे उत्तम उदाहरण लुईस व्हेलेस दे गेव्हारा यांच्या १६४१ सालच्या 'एल द्याब्लो कोहुएलो' या कादंबरीचे. माद्रिदच्या घरांची छपरे उचलून आतील ढोंग दाखविणारा हा सैतान लंगडा आहे. शिवाय 'कोहुएलो' या लघुत्ववाचक रूपात किंचित लाडिक उपहासही आहे. लसाज यांनी १७०७ साली त्यावरून फ्रेंच कादंबरी रचली, तेव्हा नावात केवळ लंगडेपण उरले. त्या फ्रेंच कृतीच्या इंग्रजी अवतारात तर सैतान 'दोन काठ्यांवर' उभा राहिला. काठ्या आल्या, पण लंगडणे शब्दातून गेले आणि लाडिकपणाही गेला.

म्हणून अनुवादकाने 'याला शब्द कोणता' एवढेच विचारून थांबू नये. मूळ वाक्यात लंगडणे किती भार उचलते, हे त्याने आधी पाहावे. तो भार जेथे कथेचा असेल, तेथे वाक्य थोडे जड झाले तरी चालेल. पात्राचे पाऊल परस्पर सरळ करण्याचा अधिकार अनुवादकास नाही.