एकोणतीस अक्षरी ग्लुकागॉन

रसग्रहण कवितेचे करतात. इथे ते एका रेणूचे करायचे आहे. स्वादुपिंडातल्या आल्फा पेशींत तयार होणारा आणि रक्तातली साखर वाढवणारा ग्लुकागॉन ही २९ अमिनो आम्लांची एकच सलग ओळ आहे. एली लिली कंपनीतल्या विल्यम ब्रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडली. तेव्हापासून या रचनेला कवितेचे प्रश्न विचारता येतात. सुरुवात कशी होते, आवर्तन कुठे येते, कोणते अक्षर काढले की अर्थ ढासळतो?

आधी संदर्भ पाहू. १९२१ मध्ये टोरांटोत स्वादुपिंडाच्या अर्कातून इन्शुलिन हाती आले. सुरुवातीचे अर्क टोचल्यावर साखर उतरण्याआधी थोडा वेळ वाढताना दिसे. ही वाढ वेगळ्याच एका पदार्थामुळे होत असावी, असे रॉचेस्टरमधल्या किम्बॉल आणि मर्लिन यांनी १९२३ मध्ये ओळखले आणि त्या पदार्थाला ग्लुकागॉन हे नाव दिले. पुढे बराच काळ तो इन्शुलिनमधली भेसळच मानला गेला. १९४८ मध्ये अर्ल सदरलँड आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांनी त्याच्या उगमाचा माग काढत आल्फा पेशींकडे बोट दाखवले. ज्याला गाळून टाकायचे होते, त्याला असे स्वतःचे घर मिळाले.

आता आशय. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. एकादशीचा उपवास असो की रात्रीची गाढ झोप, ही मागणी थांबत नाही. रक्तातली साखर उतरू लागली की आल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि तो यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून थेट यकृतात पोहोचतो. तिथे ग्लायकोजेनच्या रूपात साधारण १०० ग्रॅम साठा असतो. ग्लुकागॉन तो मोडायला लावतो. साठा सरत आला की लॅक्टेट, अमिनो आम्ले आणि ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज घडवायला लावतो. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन यकृताहून जास्त असते, पण तिथे ग्लुकागॉनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारा रेणू, नाही. स्नायू आपला साठा स्वतःसाठी राखतात, यकृत सगळ्यांसाठी. म्हणून हा निरोप यकृताच्याच पत्त्यावर जातो.

रचनेकडे वळले की पहिल्याच अक्षरापाशी थांबावे लागते. ते हिस्टिडिन आहे. ते काढून टाकले तरी उरलेली ओळ रिसेप्टरला जाऊन बिलगते, पण यकृत फारसे हलत नाही. त्यासोबत नवव्या जागचे अ‍ॅस्पार्टिक आम्लही बदलले, तर ती ओळ रिसेप्टर अडवून धरते आणि खऱ्या ग्लुकागॉनला वाव देत नाही. रिसेप्टरला घट्ट धरण्याचे काम शेवटाकडच्या अक्षरांचे. बाविसावे फेनिलअ‍ॅलनिन, पंचविसावे ट्रिप्टोफॅन, सव्विसावे ल्युसिन, ही सगळी पाण्यापासून दूर राहू पाहणारी. धरणे एका टोकाला आणि चालना देणे दुसऱ्या टोकाला, अशी ही विभागणी आहे.

इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले, दोन साखळ्या आणि त्यांना जखडणारे गंधकाचे पूल असतात. ग्लुकागॉनमध्ये असे पूल बांधणारे सिस्टीन एकही नाही. विरळ द्रावणात एकटा असताना त्याला ठाम आकार नसतो. रिसेप्टरशी भेट झाली की तो सर्पिल होतो. या मोकळेपणाची किंमतही आहे. द्रावणात राहिला तर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. त्यामुळे आणीबाणीसाठीचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन वर्षानुवर्षे कोरड्या भुकटीच्या रूपात ठेवावे लागले आणि ऐन वेळी द्रवात मिसळावे लागले. नाकात फवारायची भुकटी आणि तयार द्रावण यांना अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

या ओळीत पाठभेद जवळजवळ नाहीत. माणूस, गाय आणि डुक्कर यांच्या ग्लुकागॉनमध्ये एकही अक्षर वेगळे नाही. इन्शुलिनमध्ये मात्र माणूस आणि डुक्कर यांच्यात एका जागी, माणूस आणि गाय यांच्यात तीन जागी फरक पडतो. उत्क्रांतीच्या इतक्या लांबच्या प्रवासात ही ओळ जशीच्या तशी जपली गेली, यावरूनच तिचे मोल कळते.

या रचनेचे सर्वांत सुंदर स्थळ मात्र ओळीबाहेर आहे. ग्लुकागॉन सुटा लिहिला जात नाही. प्रोग्लुकागॉन नावाच्या १६० अमिनो आम्लांच्या मजकुरातून तो कापून काढला जातो. त्याच मजकुरात पुढे जीएलपी-१ आणि जीएलपी-२ हे आणखी दोन हॉर्मोन आहेत. तिघांचाही आरंभ हिस्टिडिननेच होतो. ग्लुकागॉन आणि जीएलपी-१ यांची पहिली १४ अक्षरे शेजारी ठेवली तर १० जागी तेच अक्षर दिसते. चौथ्यापासून नवव्यापर्यंत ग्लायसिन, थ्रिओनिन, फेनिलअ‍ॅलनिन, थ्रिओनिन, सेरीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा क्रम तर धृपदासारखा जसाच्या तसा परततो. आल्फा पेशीतले एन्झाइम या मजकुराला एका जागी छेद देते आणि साखर वाढवणारा ग्लुकागॉन सुटतो. आतड्यातल्या पेशींचे एन्झाइम दुसरीकडे छेद देते आणि जेवणानंतर इन्शुलिनला हाक देऊन साखर उतरवणारा जीएलपी-१ सुटतो. मजकूर एकच, पण वाचणाऱ्या पेशीप्रमाणे अर्थ उलटा. आज घराघरांत ज्याचे नाव पोहोचले आहे ते सेमाग्लुटाइड याच जीएलपी-१ वर बेतलेले आहे. त्यात दुसऱ्या जागचे अ‍ॅलनिन बदलले आहे, म्हणजे रक्तातले एन्झाइम त्याला लगेच तोडत नाही.

एवढीशी ओळ इतका मोठा परिणाम कसा साधते, याचा शोध घेताना सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५०च्या दशकात सायक्लिक एएमपी सापडला. ग्लुकागॉन पेशीच्या दारातच थांबतो. आतला निरोप हा छोटा रेणू नेतो आणि टप्प्याटप्प्याने तो निरोप कितीतरी पटींनी मोठा होत जातो. १९७१ चे नोबेल सदरलँड यांना हॉर्मोनांच्या अशा कार्यपद्धतीवरील शोधांसाठी मिळाले. शरीरभरातल्या कितीतरी हॉर्मोनांची बोली कळण्याची वाट या एका ओळीने उघडली.

मधुमेहाच्या संदर्भात ग्लुकागॉनवर दोष येतो आणि तो निराधार नाही. मधुमेहाचे संशोधक रॉजर अंगर यांनी आयुष्यभर हेच मांडले की मधुमेहात इन्शुलिन कमी पडते एवढेच नव्हे, ग्लुकागॉनलाही आवर राहत नाही. पोट भरलेले असतानाही यकृत साखर सोडत राहते. पण या आरोपाची दुसरी बाजू टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णाला विचारावी. काही वर्षांत त्याच्या आल्फा पेशी साखर उतरल्याची दखल घेणेच थांबवतात. मग इन्शुलिनचा डोस जरा जास्त झाला तरी घाम, थरथर, शुद्ध हरपणे इथवर मजल जाऊ शकते. वाढलेला ग्लुकागॉन त्रास देतो, आणि वेळेवर न आलेला ग्लुकागॉन जीवावर बेततो.

त्याला इन्शुलिनचा विरोधक म्हणून एका वाक्यात उरकणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. इन्शुलिन ताटात आलेले अन्न साठवते. ताट रिकामे असतानाही शरीराला जेवू घालण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांत ग्लुकागॉन पुढे आहे. दोघांच्या समतोलावरच आपला प्रत्येक दिवस उभा आहे, आणि मधुमेहाचे उपचारही आता हा समतोल जाणून घेऊनच पुढे जात आहेत.