पाठ राखायची की टेकायची? : टीव्हीवर निवडलेल्या मल्लांविषयी

(आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कुस्तीवरचं व्याख्यान पोलादपूर-महाडात कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. आंबेनळी चढून गेलं की प्रतापगडाचा फाटा लागतो, मग महाबळेश्वर, आणि पलीकडे उतरलं की वाई-सातारा. तालमींचा मुलूख तिथून सुरू होतो. पुढं कऱ्हाडजवळ गोळेश्वर आहे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव त्या गावचे. घाटाच्या अलीकडे मात्र आपला खेळ कबड्डी. आपल्याकडे जत्रेत मैदान भरलं तरी पोरांचा जीव कबड्डीत. पण म्हणूनच हा विषय इथं मांडावासा वाटला. घरचं कार्य असलं की माणूस जेवणाला नावं ठेवत नाही. थोडं लांबून बघणाऱ्याला मिठाचा अंदाज येतो.

विषय असा : नवशिक्या पोरापोरींना कॅमेऱ्यापुढं आणायचं, घाम गाळायला लावायचा, आठवड्याला एकेकाला घरी पाठवायचं आणि शेवटी उरेल त्याला व्यावसायिक मल्ल म्हणून करार द्यायचा. अमेरिकेत २००१ साली 'टफ इनफ' नावानं हा प्रकार सुरू झाला. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा प्रयोग म्हणजे 'रिंग का किंग', आणि तो झाला आपल्या पुण्यात.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ही कुस्ती ठरवून केलेली असते, निकाल आधी लिहिलेला असतो, मग तिच्यावर टीका ती काय करायची, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे 'नुरा कुस्ती' हा शब्द आहे आणि तो शिवीसारखाच वापरतात. राजकारणात तर रोज वापरतात. पण नुरा कुस्ती वाईट का? तर निकाली कुस्ती म्हणून लोकांना बोलावलेलं असतं, आणि आत दोघांचं संगनमत असतं. फसवणूक तिथं आहे. नाटकात खलनायक मेला म्हणून कुणी पोलिसांत जात नाही, कारण तिकीट काढतानाच आपल्याला ठाऊक असतं. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्रीस्टाइल' झुंजींना तोबा गर्दी व्हायची. त्या गर्दीतली सगळी माणसं भोळी होती असं आम्ही मानत नाही. तेव्हा खोटेपणाचा मुद्दा आम्ही सोडून देतो. आमचा आक्षेप वेगळ्या जागी आहे.

आता 'रिंग का किंग' बघा. डिसेंबर २०११ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात त्याचं चित्रीकरण झालं. अमेरिकेतली टीएनए ही कंपनी आणि तिचे जेफ जॅरेट यांनी रिंगणाची बाजू सांभाळली. निर्मितीत एंडेमॉल होती, म्हणजे 'बिग बॉस' करणारी. जाहिरातीचा चेहरा हरभजन सिंग. २८ जानेवारी २०१२ पासून कलर्स वाहिनीवर शनिवार-रविवारी भाग दाखवले, आणि २६ भागांनंतर, एप्रिलमध्ये, खेळ आटोपला.

त्यातल्या भारतीय मल्लांची नावं ऐका : पठाणी पठ्ठा, रोमिओ राप्ता, डेडली डंडा, ज्वाला, महाबली वीरा. नाव ऐकलं की माणूस कळलाच पाहिजे, ही अट. आता टोपणनाव कुस्तीला नवं नाही. पण तालमीत नावाआधी गाव येतं आणि वस्ताद येतो. मैदानात निवेदक सांगतो की हा अमक्या गावचा, तमक्या वस्तादांचा पठ्ठा, अमक्या तालमीत मेहनत करतो. हलगी कडकडत असते आणि पंधरा सेकंदांत त्या पोराची सगळी वंशावळ फडात उभी राहते. 'रिंग का किंग'मध्ये पठ्ठा होता, पण कुणाचा पठ्ठा ते कळायला मार्ग नव्हता. ही पोरं कुठं शिकली, कुणी शिकवलं, पडायला किती दिवस लागले, यातलं जवळपास काही पडद्यावर आलं नाही. शेवटी किताब महाबली वीराच्या हाती दिला. प्रेक्षक खूश व्हावा म्हणून दिला हे उघड आहे. त्याबद्दलही तक्रार नाही. तक्रार ही की तो जिंकला तेव्हा आपण त्याला ओळखतच नव्हतो.

या बाबतीत 'टफ इनफ'चं पहिलं पर्व कितीतरी चांगलं होतं. का, तर त्यात शिकवणं दिसलं. विशेषतः पडणं. लाल मातीतला पैलवान जन्मभर एकच गोष्ट जपतो : पाठ मातीला लागू द्यायची नाही. दोन्ही खांदे टेकले की चितपट, संपला विषय. आणि या दुसऱ्या कुस्तीत पहिला धडा काय? पाठ टेकायची. हनुवटी छातीला लावायची, अंग सपाट ठेवायचं, धक्का सगळ्या पाठीवर पसरवायचा, हात फटकन जमिनीवर मारायचे. असं दिवसातून कितीदा तरी. वर दुसरी जबाबदारी अशी की समोरच्याला तुम्ही उचललंत, तर त्याची मान तुमच्या हातात. तालमीत समोरचा तुमची जोड असतो, त्याला पाडायचं असतं. इथं त्याला पाडायचं आणि सांभाळायचंही. हा धंदा खोटा म्हणणाऱ्यानं एकदा लाकडी फळ्यांवर पाठीवर पडून बघावं.

हे दाखवणारा कार्यक्रम आम्हाला मोलाचा वाटतो. पण शिकवणं हळू असतं आणि टीव्हीला घाई असते. पुढच्या पर्वांत शिकवणं मागं पडलं, आणि अपमान, शर्यती, प्रेक्षकांची मतं पुढं आली.

याचा सगळ्यात बोलका प्रसंग नोव्हेंबर २००४ मधला. त्या वर्षीचं बक्षीस दहा लाख डॉलरचा करार. स्पर्धकांना रिंगणात बोलावलं आणि कर्ट अँगलनं आव्हान दिलं. अँगल म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, खरा पैलवान. पुढं आला डॅनियल प्यूडर. त्याला मिश्र मार्शल आर्ट्सची सवय होती. झटापटीत त्यानं खाली पडल्या पडल्या अँगलचा हात पिळून खांद्याचा सांधा अडकवला. ठरवलेलं काही नव्हतं, डाव खरा बसला होता. अँगलनं हार मानली असती किंवा त्याचा खांदा गेला असता, अशी वेळ. मग पंचानं काय केलं? प्यूडरची पाठ खाली आहे एवढं बघून घाईघाईनं तीन मोजले आणि अँगलला विजयी केलं.

मंडळी, यात गंमत बघा. प्यूडरच्या विद्येत पाठीवर पडणं म्हणजे हार नव्हे, तिथूनच तो डाव लावत होता. पंचानं अडचणीच्या वेळी जुन्या कुस्तीचा नियम काढला, पाठ टेकली की संपलं, आणि तो वापरून कार्यक्रमाची लाज राखली. म्हणजे खरं कौशल्य शोधायला जो मांडव घातला, त्यात खरं कौशल्य अवचित प्रकटलं, तेव्हा ते झाकावं लागलं.

पुढं काय झालं तेही महत्त्वाचं. प्रेक्षकांच्या मतांवर प्यूडर ती स्पर्धा जिंकला, आणि पुढच्याच वर्षी त्याला काढून टाकलं. अंतिम फेरीत हरलेला होता 'द मिझ'. तो आलाच होता 'रिअल वर्ल्ड' या घरात कोंडून घेण्याच्या कार्यक्रमातून. कॅमेऱ्याशी कसं वागायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. २०१० मध्ये तो जगज्जेता झाला, आणि २०१५ च्या 'टफ इनफ'मध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसला. आपल्याकडे उलटा प्रवास झाला. खलीनं आधी रिंगण गाजवलं आणि २०१० मध्ये तो 'बिग बॉस'च्या घरात गेला, उपविजेता ठरला. मिझ घरातून रिंगणात, खली रिंगणातून घरात. दार एकच आहे, आणि त्याची किल्ली टीव्हीवाल्याकडे आहे.

मग असा कार्यक्रम कुणाचंच भलं करत नाही का? करतो, पण कधी कधी भलत्याच वाटेनं. २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' ही स्पर्धा भारतात झाली, बेसबॉलसाठी वेगानं चेंडू टाकणारा शोधायला. जिंकला भदोही जिल्ह्यातला भालाफेकपटू रिंकू सिंग. तो अमेरिकेत गेला, पिट्सबर्गच्या संघाशी करार झाला, काही वर्षं तो खेळला, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत दाखल होऊन पुढं 'वीर महान' झाला. दार त्याला टीव्हीनं उघडून दिलं हे मान्य. पण आत टिकला तो भालाफेकीनं घडवलेल्या अंगावर आणि नंतरच्या कित्येक वर्षांच्या सरावावर. तो भाग स्पर्धेच्या चित्रीकरणात नव्हता.

आता आपल्या मातीकडे येऊ. २०१५ मध्ये प्रो रेसलिंग लीग आली, २०१८ मध्ये त्याच बालेवाडीत संघ पाडून मराठी वाहिनीची कुस्ती दंगल झाली. दिवे, संगीत, संघांना नावं, सिनेमातली मंडळी. नाकं मुरडणारे होतेच. आम्ही मुरडत नाही, कारण आत होणारी कुस्ती खरी होती. आणि 'खरी' म्हटलं म्हणजे सगळं शुद्ध असंही नव्हे. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत, अहिल्यानगरला, निकालावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली ती सगळ्यांनी पाहिली. पण तिथं भांडण निकालावरून झालं. निकालाला किंमत आहे म्हणूनच भांडण आहे. निवडीच्या कार्यक्रमात बाद झालेला पोरगा रडतो, मिठी मारतो आणि निघून जातो. भांडायला त्याच्याकडे नियमच नसतो.

आपल्या कबड्डीचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. मॅट आलं, बूट आले, चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ आलं, लिलाव आले. पण कुणाला बाद करायचं हे फोनवरच्या मतांनी ठरत नाही. चढाईवाला रेषेला परत पोचला की नाही, एवढाच प्रश्न. गावच्या मैदानावरचा पोरगा टीव्हीवरच्याला ओळखतो, कारण दोघं एकच खेळ खेळतात.

यात पणाला काय लागलंय ते आता सांगतो. महाड-पोलादपूरची पोरं मुंबईला जातात, ही काही आजची गोष्ट नाही. आधी गिरणीत जात होती, आता जिममध्येही जातात. अंग कमावतात, मोबाइलवर व्हिडिओ टाकतात, आणि एखाद्या दिवशी ऑडिशनची जाहिरात बघतात. अशा पोराला हसू नये. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शाहू महाराजांच्या काळात मल्लांच्या खुराकाला दरबार होता, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. कुस्तीला कुणीतरी पोसावंच लागतं. दूध, तूप, बदाम हवेवर येत नाहीत. आज पोसणारा वाहिनीवाला असेल, तर त्यात पाप नाही. फक्त त्याला हिशेब विचारायचा.

हिशेब तीन गोष्टींचा. शिकवणार कोण, आणि ते शिकवणं दाखवणार का? हाड मोडलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, आणि ते करारात लिहिलंय का? आणि बाद ठरवणार कोण : ज्यानं घडवलं तो, की ज्यानं फक्त पाहिलं तो? खर्डेकरांनी घर गहाण टाकलं तेव्हा खाशाबा हरले असते तर नुकसान दोघांचं होतं. वाहिनीला मात्र हरलेल्या पोराचाही एक भाग मिळतो, रडण्याचा. पोसणारा आणि वापरणारा यांतला फरक इथं ओळखता येतो.

तेव्हा घरातलं कुणी पोरगं किंवा पोरगी उद्या म्हणाली की अशा स्पर्धेत जायचंय, तर नको म्हणू नका. जाहिरातीचा कागद मागून घ्या, हे तीन प्रश्न समोर ठेवा, आणि तिन्हींची उत्तरं लेखी येईपर्यंत सही करू देऊ नका. पडायला शिकवणारा वस्ताद मिळत असेल, तर खुशाल पाठवा.