गोरोबांचा त्याग

तेरच्या गोरोबाकाकांची कथा ठाऊक नाहीं असें मराठी घर क्वचितच सांपडेल. कीर्तनांतून ती पिढ्यान् पिढ्या ऐकली गेली. १९७४ सालीं ‘भक्त कुंबार’ या बोलपटानें ती कानडी मुलुखांतहि घरोघर नेली. चिखल तुडवितां तुडवितां नामस्मरणांत देहभान हरपलेला कुंभार, त्याच्या पायांखालीं आलेलें रांगतें मूल, आणि पाण्याची घागर घेऊन परत आलेली आई, हें चित्र एकदां मनावर उमटलें म्हणजे पुसलें जात नाहीं. या कथेचा जो अर्थ सर्वत्र सांगितला जातो तो असा कीं, संसाराची आसक्ति समूळ सुटली म्हणजे पुत्राचेंहि भान उरत नाहीं, आणि हीच वैराग्याची पराकाष्ठा होय. हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. गोरोबांविषयींच्या आदरास यामुळें उणेपणा येतो असें कोणीं समजूं नये. तो आदर डोळसपणें करतां यावा म्हणूनच ही चर्चा.

महिपतींनीं १७६२ सालीं ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि त्यानंतर ही कथा मुख्यतः त्याच रूपांत महाराष्ट्रांत रूढ झाली. तींत एकामागून एक तीन गोष्टी जातात. आधीं मूल जातें. आक्रोश करणाऱ्या पत्नीवर गोरोबा धांवून जातात, तेव्हां ती त्यांस विठोबाची आण घालते कीं मला स्पर्श करूं नका; तेथें संसार जातो. पुढें ती आपली धाकटी बहीण त्यांस देते. सासरे सांगतात, दोघींना सारखेंच वागवा. गोरोबा हे शब्द अक्षरशः घेऊन दोघींनाहि सारखेच दूर ठेवतात. शेवटीं निद्रेंत आण मोडली असें पाहून ते आपले हातच तोडून घेतात. अपत्य, स्त्री व देह या तिन्हींचा हा क्रमाक्रमानें झालेला त्याग आहे, असें मग श्रोत्यांस सांगण्यांत येतें.

परंतु मुलाचा मृत्यु हा त्याग कसा म्हणावा? सोडण्यासाठीं वस्तु आपल्या हातीं आहे याची जाणीव लागते. जें हातीं आहे हेंच आपण विसरलों, तें आपण सोडलें असें म्हणतां येत नाहीं. तें निसटलें, इतकेंच म्हणतां येईल. गीतेच्या अठराव्या अध्यायांत हा प्रश्न फार काटेकोरपणें सोडविलेला आहे. नियत कर्म मोहानें टाकणें हा तामस त्याग, देहास कष्ट होतील म्हणून टाकणें हा राजस, आणि कर्म करीत राहून संग व फल यांवरील हक्क सोडणें हा सात्त्विक, असे तेथें तीन भेद केले आहेत. आतां त्या घटकेचें गोरोबांचें नियत कर्म कोणतें? चिखल तुडविणें हें तर होतेंच. परंतु मूल संभाळणें हेंहि होतें, कारण पत्नीनें तें त्यांच्यावर सोंपवूनच घागर उचलली होती. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं हा अध्याय मराठींत उलगडला, तेव्हां गोरोबा तेरास नांदत होते असें परंपरा मानते. त्याच मंडळांतील संतावर तामस त्यागाचें भूषण चढविणें हा विचित्र न्याय आहे.

या ठिकाणीं महिपतींस दोष द्यावा असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. ते स्वतः ताहराबादचे कुलकर्णी. पूजेंत असतां सरकारी बोलावणें आलें, आणि त्या दिवसापासून त्यांनीं कारकुनीची लेखणी कायमची खालीं ठेवली अशी आख्यायिका आहे. शिवाय त्यांच्या कथेचा शेवट कीर्तनकारांच्या निरूपणाहून अधिक समंजस आहे. हात तुटल्यावर पांडुरंग स्वतः कुंभाराच्या रूपानें गोरोबांच्या घरीं राबावयास येतो. देव येतो तो चाकावर बसावयास, भक्ताला वनांत न्यावयास नव्हे! पुढें पंढरीस नामदेवांच्या कीर्तनांत हात परत येतात, मूल आईकडे परत येतें, आणभाक सुटते. पुत्राचें जाणें हीच जर वैराग्याची पूर्णता असेल, तर मूल परत देऊन देवानें भक्ताचें वैराग्य मोडलें असें म्हणण्याची पाळी येते.

घरदार सोडण्याचा मार्ग भारतांत नाहीं असें नव्हे. तो तेरच्या शेजारींच आहे. धाराशिव शहराजवळच्या डोंगरांत जैन लेणीं आहेत, आणि कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यांत तेरापुराजवळच्या लेण्यांची हकीकत येते. दिगंबर मुनि वस्त्रासुद्धां सर्व सोडतो. पण काय सोडतों हें जाणून, चारचौघांसमक्ष दीक्षा घेऊन सोडतो. त्याच्याशीं कोणाचा मतभेद असेल, परंतु त्याच्या त्यागांत विसराळूपणा नाहीं.

गोरोबांच्या खऱ्या त्यागाची खूण आम्हांस दुसऱ्या एका आख्यायिकेंत दिसते. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंनीं थापटणें पाहून हें काय म्हणून विचारलें, आणि गोरोबांनीं त्या थापटण्यानें एकेकाचें मस्तक ठोकून कोणतें मडकें भाजलें आहे तें पाहिलें. बाकीचे गप्प राहिले. नामदेव रागावले, आणि कच्चे ठरले. नामदेवांच्या अंगीं कोणती आसक्ति उरली होती? पुत्राची किंवा धनाची नव्हे. देव माझा, मी त्याचा लाडका, हा मालकीहक्क उरला होता, आणि तो सोडण्यासाठीं त्यांना विसोबा खेचरांकडे जावें लागलें. कुंभाराच्या धंद्याबाहेरच्या माणसाला ही परीक्षा सुचली नसती. तेरच्या उत्खननांत भाजल्या मातीच्या मूर्ति आणि भांडीं विपुल निघालीं आहेत. तेथील माती गोरोबांच्या पूर्वीं हजार वर्षें तरी अशा हातांखालून गेलेली आहे. चाकावरचें मडकें दोऱ्यानें कापून उतरविलें कीं कुंभाराचा हात त्यावरून उठतो. न उठला तर ओली कड वांकडी होते. मात्र उठेपर्यंत तो हात दुसरीकडे कोठेंहि नसतो, त्याच मडक्यावर असतो. आणि तें मडकें पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या घरच्या पाण्यासाठीं घडत असतें. आज गोरोबांच्या नांवावर असलेल्या मोजक्या अभंगांत निर्गुणाच्या अनुभवाची भाषा आहे, ती या हातानें कमावलेली आहे असें आम्ही मानतों.

राहतां राहिली ती त्यांची पत्नी. परंपरा तिचें नांव संती असें सांगते. पतीच्या अंगावर त्यागाचीं इतकीं बिरुदें चढविणाऱ्या आमच्या निरूपणांत तिच्या वांट्यास एकहि येत नाहीं. उलट भक्तीच्या आड आलेली कर्कश बायको असेंच तिला बहुधा रंगविलें जातें. वस्तुतः मूल गेलें तें तिचें. मागें घर तिनें धरून ठेवलें. आणि संसार खुंटूं नये म्हणून सवत आणली तीहि तिनेंच, पाठची बहीण देऊन. घरांत लक्ष न देणाऱ्या पुरुषाला ‘विरक्त’ म्हणून पाठीशीं घालण्याची आपल्या कुटुंबांतून जी रीत आहे, तिला या एकांगी निरूपणाचा आधार मिळतो, हें आम्ही अनेक घरीं पाहिलें आहे.

चैत्र वद्यांत तेरणेच्या कांठीं समाधीजवळ यात्रा भरते आणि ही कथा पुन्हां उभी राहते. घागर घेऊन आई दाराशीं आली, या जागीं बुवांनीं लगेच गजर न धरतां क्षणभर टाळ थांबवावे, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.