पाप, रक्त आणि हजेरी

ख्रिस्ती धर्मविचारानुसार पाप सर्वांच्याच वाट्याला आलेले आहे आणि क्षमाही कोणालाही मिळू शकते. वंशाच्या राजकारणाला ही दोन्ही विधाने अडचणीची वाटतात. म्हणून ते धर्माची भाषा, पोशाख आणि प्रार्थना तशाच ठेवते. गाभा मात्र बदलून टाकते.

नाझी जर्मनीत हे उघडपणे घडले. 'जर्मन ख्रिस्ती' गटाने १९३३ साली प्रॉटेस्टंट चर्चमध्ये 'आर्य कलम' पुढे रेटले. ज्यू वंशातला माणूस बाप्तिस्मा घेऊन पाळक झालेला असला, तरी त्याला त्या पदावर जागा नव्हती. बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा रक्त थोर ठरले! १९३९ मध्ये आयझेनाख येथे चर्चमधला 'ज्यू प्रभाव' पुसण्यासाठी खास संस्था निघाली. तिचे प्रमुख अभ्यासक वाल्टर ग्रुंडमान यांनी येशू ज्यू नव्हताच, असा सिद्धान्त मांडला. १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याने चर्चवरील राज्यसत्तेचा दावा धुडकावला खरा. पण त्यात ज्यूंच्या छळाविषयी एक शब्दही नाही.

हे वाचताना सोलापूरकराला आपल्या गावातली सेटलमेंट आठवायला हवी. ब्रिटिश राजवट नाझी नव्हती आणि सेटलमेंट म्हणजे मृत्यूछावणी नव्हे. हा फरक पुसून चालणार नाही. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातही दोष जन्मालाच चिकटवला होता. कैकाडी, पारधी अशा जमातींतले मूल पाळण्यातच संशयित ठरे. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनऱ्यांचा हेतू 'सुधारणा' हा होता आणि त्यांचे शिक्षणाचे काम नाकारता येत नाही. तरीही प्रश्न उरतो : ज्या धर्मात पश्चात्ताप माणसाला मोकळे करतो, त्याच्या सेवकांनी हजेरीपट कसा सांभाळला? क्षमेचा अधिकार इथे देवाकडून सरकारी दप्तराकडे गेला होता.

जर्मनीत विद्वानांनी धर्मग्रंथच वाकवला. इथे ग्रंथाला कोणी हात लावला नाही, फक्त त्याचा अर्थ कुंपणाबाहेर ठेवला. दुसरी विकृती सौम्य दिसते, म्हणून ती अधिक काळ टिकते. कायदा १९५२ साली रद्द झाला. पण कुठे चोरी झाली की आजही पोलीस आधी कोणत्या वस्तीत शिरतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तो हजेरीपट आता आपल्या मनात आहे. तो बंद करायला कोणत्याही धर्माची आडकाठी नाही.