परवान्यावरील पूर्वज

गिरमिटिया मजुरांच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांतील एका व्यक्तीचा माग काढणारे ग्रंथ थोडे. गायुत्रा बहादुर यांचा ‘कुली वुमन’ (२०१३) हा इंग्रजी ग्रंथ त्या थोड्यांपैकी होय. लेखिकेची पणजी सुजारिया ही १९०३ साली कलकत्त्याहून ‘क्लाइड’ जहाजाने ब्रिटिश गयानात गेली. ती गर्भवती होती, सोबत पती नव्हता. मूल समुद्रावरच जन्मले.

अशा शोधासाठी इंग्लंडातील वंशावळीकार प्रथम शिरगणतीकडे वळतो. हिंदुस्थानात ती वाट बंद आहे. १९०१ च्या शिरगणतीत ही स्त्री मोजली गेली असणार. पण कोष्टके तयार झाल्यावर घरोघरच्या याद्या जपून ठेवण्यात आल्या नाहीत. त्या उरल्या असत्या तरी लाभ किती झाला असता, हा प्रश्नच आहे. स्त्रीचे नाव सांगण्यास हरकत घेतली गेल्यास नावाच्या जागी केवळ ‘स्त्री’ असे लिहिण्याची मुभा गणकांना होती. नाव, जात, ठाणे, गाव हे सारे टिपून ठेवले ते तिला मजूर म्हणून परदेशी धाडणाऱ्या यंत्रणेने.

तो परवाना हाच ग्रंथाचा मूलाधार. लेखिका त्यापुढे उत्तरे मांडीत नाही, प्रश्न मांडते. ती पळून गेली की फसविली गेली? विधवा होती की टाकलेली? प्रश्नांची ही माळ काहींना लांबलेली वाटेल. तथापि कादंबरी रचण्याचा सुलभ मोह टाळल्याची ती खूण आहे.

एका अंगाने मात्र अशा परवान्यांचे वाचन आणखी पुढे न्यावयास हवे. परवाना हा ऐकलेल्या शब्दाचा लेख आहे. भोजपुरी बोलणाऱ्या बाईने गाव सांगितले, कारकुनाने ते आपल्या कानाने घेतले नि रोमन लिपीत उतरविले. त्या लिपीत त आणि ट, द आणि ड एकच होतात. ऱ्हस्वदीर्घ बहुधा पुसले जाते. म्हणून कागदावरचे गाव नकाशावर सापडले नाही, तर ते खोटे सांगितले होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रथम त्या अक्षरांमागे संभवणारी सारी देवनागरी रूपे मांडावी, बोलीच्या ध्वनिनियमांत न बसणारी गाळावी, आणि उरलेली त्याच ठाण्याच्या हद्दीतील ग्रामनामांशी ताडून पाहावी. एकाच नावाची गावे अनेक असतात. तेथे ठाण्याचा रकाना गावाच्या रकान्याहून मोलाचा ठरतो.

मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांत मराठी भाषक होते. त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्या वाचणाऱ्यास ळ आणि ण यांचा अडथळा अटळ आहे. माळ नि माल, वाणी नि वानी रोमनमध्ये सारखेच दिसावयाचे.

आडनावाची वाटही सरळ नाही. गयानात बापाचे वा आजाचे नाव पुढे आडनाव बनले. ‘बहादुर’ त्यांतलेच, समुद्रावर जन्मलेल्या त्या मुलाचे नाव लाल बहादुर. कलकत्त्यास आईचा परवाना लिहिला गेला, तेव्हा ते अस्तित्वातच नव्हते.